डभोईच्या जुन्या नॅरोगेजसाठी ब्रिटिश पुठ्ठा-संच: छपाईचे प्रमाण कोणते धरावे?

दांडियाबाजार लिहितात:

मंडळी, नमस्कार. गेल्या दिवाळीपासून मी वडोदऱ्याच्या आमच्या घरी जुन्या डभोई जंक्शनच्या आठवणीवर बेतलेला एक लेआउट, म्हणजे रेल्वेची छोटी प्रतिकृती, बांधत आहे. डभोई–मियागाम लाईन १८६२ मध्ये खंडेराव महाराजांच्या काळात बैलांनी ओढलेल्या गाड्यांनी सुरू झाली आणि पुढे डभोईला चहूकडून अडीच फुटी रूळ येऊन मिळाले, हे इथे पुन्हा सांगायला नको. आता तिथे ब्रॉडगेज आहे आणि जानेवारी २०२१ पासून केवडियाच्या गाड्याही त्याच बाजूने जातात. त्यामुळे जुने स्टेशन पाहायचे तर घरातील छायाचित्रे आणि वडीलधाऱ्यांच्या आठवणी एवढाच आधार उरला आहे.

रुळांचा प्रश्न सोपा निघाला. अडीच फूट म्हणजे ७६२ मिलिमीटर; त्याला ८७ ने भागले तर पावणेनऊच्या आसपास उत्तर येते, म्हणून एन स्केल या आणखी लहान प्रतिकृतींसाठी मिळणारा नऊ मिलिमीटरचा रूळ १:८७ च्या (खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाच्या) प्रमाणात जवळजवळ अचूक बसतो. खरी अडचण इमारतींची आहे. आपल्या नॅरोगेज स्टेशनांचे तयार संच मिळत नाहीत. जे छापून घ्यायचे चांगले संच पीडीएफ स्वरूपात मिळतात, त्यांतले पुष्कळ ब्रिटिश आहेत आणि १:७६ च्या प्रमाणात आखलेले आहेत. मी स्केलसीन्स या ब्रिटिश विक्रेत्याचा एक स्टेशन-संच विकत घेतला आणि सर्वजण सांगतात तो हिशेब केला: दोन्ही प्रमाणांचे नेमके आकडे घेऊन ७६.२ भागिले ८७.१, म्हणजे साडेसत्त्याऐंशी टक्के. तेवढ्यावर छापून, कापून, चिकटवून इमारत उभी केली. मोजमापात ती बरोबर होती आणि दिसायला पूर्णपणे चुकीची होती. एखाद्या थंड प्रदेशातील ठेंगणी, दारे-खिडक्या आवळून बसलेली झोपडी डभोईच्या उन्हात आणून ठेवावी, तशी ती दिसत होती.

म्हणून मी उलट बाजूने मोजायचे ठरवले. डभोईजवळच्या एका लहान स्टेशनाचे एक जुने छायाचित्र आमच्याकडे आहे. त्यात दाराशेजारचा गिलावा पडून विटा उघड्या झालेल्या आहेत. जुनी वीट सांध्यासकट तीन इंच उंचीची धरतात, म्हणजे चार थरांना एक फूट. मी भिंग घेऊन थर मोजले, तर दाराच्या माथ्यापर्यंत तीस थर भरले, म्हणजे दार साडेसात फुटांचे होते. १:८७ मध्ये त्याची उंची २६ मिलिमीटरांहून किंचित जास्त येते. आता ब्रिटिश संचातील दार पाहा. ते साडेसहा फुटांचे आहे आणि १:७६ मध्ये त्याची उंची बरोबर २६ मिलिमीटर येते. म्हणजे संच जराही लहान न करता, शंभर टक्क्यांवर छापला, तर त्याची दारे आपल्या दारांइतकी उंच होतात.

हे उत्तर हाती आल्यावर मला फार आनंद झाला, तरी लगेच दुसरा प्रश्न उभा राहिला. दार शंभर टक्क्यांवर बरोबर आले, तरी त्याच कागदावरची वीट चौदा टक्क्यांनी मोठी होते आणि डोळ्यांना ते खटकते. तेव्हा एकाच इमारतीत वेगवेगळ्या भागांना वेगवेगळे प्रमाण लावणे योग्य आहे का आणि कुणी तसे करून पाहिले आहे का, हे जाणून घ्यायचे आहे.

कागदकाम लिहितात:

योग्य आहे, इतकेच नव्हे तर माझ्या मते तोच एक मार्ग आहे, आणि त्याचे कारण दारांपेक्षाही पुठ्ठ्याच्या जाडीत आहे. प्रिंटर कागदावरची रेघ लहान करतो, दुकानातला पुठ्ठा लहान करत नाही. या संचांत साधा कागद, एक मिलिमीटरचा पुठ्ठा आणि दोन मिलिमीटरचा पुठ्ठा असे थर असतात आणि प्रत्येक भागाची लांबी त्या जाडीचा हिशेब धरूनच आखलेली असते. समजा, बाजूची भिंत बाहेरून ८० मिलिमीटर दिसायची आहे आणि ती पुढच्या व मागच्या भिंतींच्या आत बसते, तर तिचा पुठ्ठा ७६ मिलिमीटर असतो. साडेसत्त्याऐंशी टक्क्यांवर ही मापे ७० आणि साडेसहासष्ट होतात, पण दोन्ही भिंतींचा पुठ्ठा मिळून चारच मिलिमीटर राहतो. बेरीज साडेसत्तर येते आणि वरून गुंडाळायचा विटांचा कागद अर्धा मिलिमीटर अपुरा पडतो. एका कोपऱ्यात अर्धा मिलिमीटर खपून जातो. जोते, पट्ट्या, चौकटी आणि छपराचे आधार असे थर चढत गेले की मात्र शेवटी छप्पर बसतच नाही.

लहान करायचेच असेल, तर दोन मिलिमीटरच्या जागी पावणेदोन मिलिमीटरचा पुठ्ठा हवा. तो बाजारात सहज मिळत नाही, पण दीड मिलिमीटरच्या पुठ्ठ्यावर पाव मिलिमीटरचा लग्नपत्रिकेचा कागद चिकटवून तो घरी तयार करता येतो. मी एका मालधक्क्याच्या शेडसाठी तसे केले आहे आणि सांधे नीट जुळले. शंभर टक्क्यांवर छापले, तर हा सारा खटाटोप वाचतो, कारण संच ज्या जाडीसाठी आखला आहे तीच जाडी आपण वापरतो.

सुरसागर लिहितात:

मला या विचाराबद्दल एक शंका आहे. पूर्ण इमारत चौदा टक्क्यांनी मोठी झाली, तर तिची लांबी-रुंदीही वाढते. लेआउटवर जागा आधीच कमी असते. शिवाय लहान नॅरोगेज स्टेशने खरोखरच लहान असत. एक तिकीट-खिडकी, स्टेशन मास्तरांची खोली आणि पुढे ओसरी, एवढाच पसारा असे. उंची आपली आणि लांबी मूळची, असे जमवता येणार नाही का?

दांडियाबाजार लिहितात:

सुरसागर, तुमची शंका रास्त आहे आणि तिच्यामुळेच मला पुढचे पाऊल सुचले. गेले तीन आठवडे मी दुसरी इमारत बांधत होतो. ते काम सविस्तर लिहितो.

लांबी कमी करण्यासाठी मी प्रमाण बदलले नाही, एक खिडकी काढून टाकली. ब्रिटिश स्टेशनाच्या दर्शनी भिंतीत दार आणि खिडक्या ठराविक अंतराने येतात. दोन खिडक्यांच्या मधोमध भिंत कापून एका खिडकीचा भाग वगळला, की इमारत तेवढ्याने आखूड होते आणि उंची तशीच राहते. मागच्या भिंतीत, जोत्यात आणि छपरातही नेमके तेवढेच माप वजा करावे लागते. मी ते सर्व आकडे आधी एका कागदावर लिहून भिंतीला लावले आणि मगच कात्री हातात घेतली.

धुराडी काढून टाकली. संचातले छप्पर पाटीच्या दगडाचे, म्हणजे स्लेटचे होते, ते पूर्णपणे बाजूला ठेवून त्याच्या पुठ्ठ्याच्या आकारावर मंगलोरी कौलांचा स्वतः आखलेला कागद चढवला. मंगलोरी कौल साधारण चाळीस सेंटिमीटर लांब असते आणि वरच्या ओळीखाली त्याचा काही भाग झाकला जातो. तेव्हा उघड्या भागासाठी १:८७ मध्ये पावणेचार मिलिमीटरच्या आसपास अंतर ठेवले, तर ओळी खऱ्या वाटतात. प्रत्येक ओळ वेगळी पट्टी कापून खालून वर एकमेकींवर चढवली. हे काम वेळखाऊ आहे, पण आपल्याकडे छपराचा जिवंतपणा त्या सावलीच्या रेघांतच असतो. सपाट छापलेले कौल दुरूनही सपाटच दिसते.

ओसरी मात्र संचात नव्हती आणि तिच्यावाचून ते स्टेशन आपले दिसणे शक्यच नव्हते. मुख्य छपराच्या वळचणीखालून आठ फूट, म्हणजे २८ मिलिमीटर, पुढे येणारे एकपाखी छप्पर काढले. त्याला पन्हाळी पत्रा दिला. खांबांसाठी दोन मिलिमीटरच्या चौकोनी लाकडी काड्या घेतल्या, कारण पुठ्ठ्याचा इतका बारीक खांब बोट लागताच वाकतो.

भिंतीची जाडी हा या कामातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटलेला भाग आहे. दीड विटेची जुनी भिंत साडेतेरा इंचांची, म्हणजे १:८७ मध्ये जवळजवळ चार मिलिमीटर भरते. संचातली भिंत दोनच मिलिमीटरची आहे. म्हणून मी आतून दोन मिलिमीटरच्या पुठ्ठ्याचे दुसरे अस्तर दिले, त्यात दारा-खिडक्यांची भोके बाहेरच्या भोकांशी जुळवून कापली आणि चौकट बाहेरून नव्हे तर आतल्या थराच्या मागे चिकटवली. खिडकी एवढी खोल गेल्यावर तिच्या वरच्या कडेची सावली काचेवर पडू लागली आणि पहिल्यांदाच ती इमारत मला उन्हात उभी असल्यासारखी दिसली. त्या दिवशी मी कितीतरी वेळ तिच्यासमोर बसून होतो.

विटांचे म्हणाल, तर त्यांचा कागद साडेसत्त्याऐंशी टक्क्यांवर वेगळा छापला आणि गिलावा पडल्याच्या दोन-तीन जागांपुरताच वापरला. बाकीच्या भिंतीवर चुन्याचा फिकट पिवळा कागद आहे. छपाईचा रंग खऱ्या भिंतीपेक्षा बराच फिका ठेवावा, कारण लहान वस्तूवर तोच रंग गडद वाटतो. विटांचा नमुना निवडताना एकाआड एक थर उभ्या-आडव्या विटांचा असलेला, म्हणजे इंग्लिश बाँडचा, घ्यावा. नुसत्या लांब विटांचा नमुना अर्ध्या विटेच्या पातळ भिंतीचा असतो आणि जुन्या जाड भिंतीवर तो शोभत नाही.

छोटीलाईन_ग्वाल्हेर लिहितात:

धागा फार उपयोगी झाला आहे. आमच्याकडच्या ग्वाल्हेर–श्योपूर लाईनसाठी गणित वेगळे येते, ते इथे नोंदवून ठेवतो. आमचा रूळ दोन फुटी, म्हणजे ६१० मिलिमीटरचा. १:८७ मध्ये त्याला सात मिलिमीटरचा रूळ हवा, जो सहज मिळत नाही. नऊ मिलिमीटरचा रूळ १:७६ च्या प्रमाणात ६८६ मिलिमीटर दाखवतो. हा फरक मी स्वीकारला आणि १:७६ मध्येच काम करायचे ठरवले. त्यामुळे संच लहान-मोठा करण्याचा प्रश्नच उरला नाही, पण दारे ठेंगणी राहिली. तुमचा धागा वाचून आता संच ११४ टक्क्यांवर छापण्याचा विचार करतो आहे.

ग्वाल्हेरला विटांपेक्षा दगडाचे महत्त्व जास्त आहे. आमच्या भागातील जुन्या इमारतींवर वाळूच्या दगडाच्या लांब पट्ट्यांचे सपाट छत असते आणि भिंतीबाहेर दगडी छज्जा डोकावतो. मी संचाचे उतरते छप्पर टाकून दिले, त्रिकोणी भिंती वळचणीच्या रेषेत कापल्या आणि वर पुठ्ठ्याच्या पट्ट्या शेजारी-शेजारी मांडल्या. एकसंध पुठ्ठ्यावर रेघा ओढण्यापेक्षा सुट्या पट्ट्या बऱ्या दिसतात. मार्च २०२० पासून गाडी बंद झाल्यावर जी स्टेशने मी पाहिली, त्यांच्या आठवणीवरून हे चालले आहे.

कागदकाम लिहितात:

११४ टक्क्यांवर छापताना एक काळजी घ्यावी. संचाची पाने ए-फोर आकाराला काठोकाठ भरलेली असतात, त्यामुळे मोठे केल्यावर भाग पानाबाहेर जाऊन गुपचूप कापले जातात. ए-थ्रीवर छपाई करून घ्यावी किंवा इंकस्केप या रेखाटनाच्या सॉफ्टवेअरमध्ये पान उघडून भाग दोन पानांत विभागून घ्यावेत. जाडीचा नियम इथेही लागू आहे. ११४ टक्क्यांना दोन मिलिमीटरचा पुठ्ठा सव्वादोनच्या वर जातो, म्हणून दोन मिलिमीटरवर तोच पाव मिलिमीटरचा कागद चढवावा.

रावपुरा लिहितात:

छपाईचा विषय निघालाच आहे, तर माझा अनुभव सांगतो. मी बाहेरच्या एका दुकानात तीस पाने छापून घेतली आणि घरी येऊन कापायला बसलो. दोन दिवसांनी पाहतो तो छप्पर आखूड आणि भिंती लांब. त्यांतली काही पाने ‘पानात बसवा’ हा पर्याय चालू ठेवून छापली गेली होती आणि शंभर मिलिमीटरची रेघ सत्त्याण्णव भरत होती. सगळीच पाने सारखी चुकली असती, तर निदान इमारत एकसारखी लहान झाली असती. तेव्हापासून मी प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात शंभर मिलिमीटरची एक आडवी आणि एक उभी रेघ घालतो आणि दुकानातून निघण्यापूर्वी स्टीलच्या पट्टीने दोन्ही मोजतो. उभी रेघ मोजणे विसरू नये, कारण काही प्रिंटरांत कागद पुढे सरकताना लांबीत किंचित फरक पडतो.

जिंप या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये पीडीएफ उघडणाऱ्यांनी आयात करतानाच ३०० डीपीआय (दर इंचाला ठिपके) निवडावे आणि छापतानाही तेच ठेवावे. मध्ये कुठे हा आकडा बदलला, तर प्रमाण नकळत बिघडते.

पातालपाणी लिहितात:

मी इंदूरहून लिहीत आहे. पातालपाणी–काळाकुंडच्या मीटरगेजसाठी १:८७ मध्ये बारा मिलिमीटरचा रूळ वापरतो आणि इमारतींना हीच पद्धत लावणार आहे. माझा प्रश्न पावसाळ्याचा आहे. जुलैमध्ये घाटाच्या बाजूची हवा एवढी दमट असते की गेल्या वर्षी बांधलेल्या दोन भिंती धनुष्यासारख्या वाकल्या. इंकजेटची शाईही ठिकठिकाणी पसरली. यावर काय करता?

दांडियाबाजार लिहितात:

पावसाळा वडोदऱ्यालाही चुकलेला नाही, विश्वामित्रीकाठी राहणाऱ्यांना तर हे विशेष सांगायला नको. भिंत वाकण्याची कारणे दोन असतात आणि दोन्ही टाळता येतात.

पहिले कारण चिकटवण्यात आहे. पांढऱ्या फेविकॉलमध्ये पाणी असते. कागदाच्या एकाच बाजूला ते लावले, की ती बाजू आधी फुगते, मग वाळताना आक्रसते आणि पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढते. म्हणून मोठ्या पृष्ठभागावर छापील कागद लावताना मी ग्लू-स्टिक किंवा फेविबाँडसारखा रबरी चिकटपदार्थ वापरतो आणि पांढरा फेविकॉल फक्त कोपऱ्यांच्या सांध्यांना लावतो. भिंतीच्या मागच्या बाजूलाही तितक्याच वजनाचा साधा कागद चिकटवतो, म्हणजे दोन्हीकडचा ताण सारखा राहतो. चिकटवल्यावर जाड पुस्तकांखाली रात्रभर दाबून ठेवणे आवश्यक आहे. घरची खळ मात्र कधीही वापरू नये, कारण तिच्या वासाला कसर येते आणि एका पावसाळ्यात कागदाची चाळण करून टाकते.

दुसरे कारण पुठ्ठ्याच्या तंतूंचे आहे. पुठ्ठा एका दिशेने सहज वाकतो आणि दुसऱ्या दिशेने विरोध करतो. लांब भिंत कापताना तंतू लांबीच्या दिशेने घ्यावेत आणि अस्तराचा थर काटकोनात लावावा. आत दर सात-आठ सेंटिमीटरवर एक आडवी भिंत दिली, तर इमारत वाकायला जागाच उरत नाही. खोल्यांच्या खऱ्या भिंतींच्या जागीच त्या दिल्या, तर पुढे आतून दिवे लावताना प्रकाश खोल्यांतच राहतो आणि एका खिडकीचा उजेड दुसरीतून दिसत नाही.

शाईसाठी: छापून झाल्यावर पान किमान एक दिवस वाळू द्यावे. मग मॅट फिक्सेटिव्हचे, म्हणजे शाई पक्की करणाऱ्या बिनचमकीच्या लेपाचे, दोन-तीन हलके फवारे थोड्या-थोड्या अंतराने मारावेत. एकाच वेळी भरपूर फवारले, तर शाई फिक्सेटिव्हनेच पसरते. हे काम कोरड्या दिवशी करावे, कारण दमट हवेत फवाऱ्यावर पांढुरकी झाक येते आणि ती पुढे जात नाही. लेझर छपाईला पाण्याची भीती नाही, पण घडीवर तिचा रंग तडकून पांढरी रेघ दिसते. म्हणून घडीच्या जागी आधी बोथट टोकाने रेघ दाबून घ्यावी आणि घडी पडल्यावर रंगीत पेन्सिल फिरवावी. कापलेल्या प्रत्येक कडेलाही चिकटवण्याआधीच पेन्सिल फिरवावी. मी ओसरीच्या इमारतीत हे नंतरसाठी ठेवले आणि ओसरीमागच्या कडांपर्यंत आता पेन्सिल पोहोचत नाही.

नवा_सभासद लिहितात:

दांडियाबाजार, तुम्ही तयार केलेल्या स्टेशनाची फाईल इथे ठेवू शकाल का? मला सुरुवात करायची आहे आणि एवढे बदल स्वतः करणे जड वाटते.

दांडियाबाजार लिहितात:

संचाची पाने, बदललेली असली तरी, मी देऊ शकत नाही. विकत घेणाऱ्याने स्वतःच्या लेआउटसाठी हवी तेवढी छापावीत, पण ती दुसऱ्याला देऊ नयेत, अशा अटीवरच ती मिळतात आणि ही अट मला न्याय्य वाटते. एक माणूस महिनोन्‌महिने बसून ती रेखाटतो. जे पूर्णपणे माझे आहे, म्हणजे कौलांच्या पट्ट्या, पन्हाळी पत्रा, चुन्याची भिंत, दारावरचे झरोके आणि ओसरीची मापे, ते सर्व या आठवड्यात धाग्यावर ठेवतो. ते कोणत्याही संचावर चढवता येईल. तुम्ही सुरुवात स्टेशनापासून करू नका. संचातली एखादी लहान खोली, दिव्यांची किंवा पॉइंट्समनची (रुळांचे सांधे बदलणाऱ्याची), शंभर टक्क्यांवर छापा, तिला आतून दुसरे अस्तर द्या आणि कौले चढवा. दोन रविवारांत होते आणि हात बसतो.

सुरसागर लिहितात:

एक राहिले. नामफलकाचे काय केले? ब्रिटिश संचातले फलक तर वापरता येणार नाहीत.

दांडियाबाजार लिहितात:

फलक नव्याने आखला. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरे, गुजराती, हिंदी आणि इंग्रजीत नाव आणि खाली समुद्रसपाटीपासूनची उंची. इतक्या लहान आकारात अक्षरे नीट यावीत म्हणून चित्र म्हणून नव्हे, इंकस्केपमध्ये अक्षरे म्हणूनच ठेवली आणि लेझरला चालणाऱ्या गुळगुळीत कागदावर छापली. चमक घालवण्यासाठी वरून मॅट फवारा दिला. फलकाचे दोन खांब सिमेंटचे दिसावेत म्हणून पुठ्ठ्याऐवजी काडीला करडा रंग लावला. रुळाच्या बाजूने पाहिले, तर हिंदी अक्षरांची शिरोरेघ तुटलेली दिसत नाही. एवढ्या आकारात तीच सर्वांत आधी पुसट होते, म्हणून तिची जाडी मी अक्षरांपेक्षा थोडी वाढवली आहे. फलाट मात्र अजून व्हायचा आहे. संचातला फलाट बारा मिलिमीटर उंच आहे आणि आपल्या नॅरोगेजचा जवळपास रुळाच्याच उंचीचा होता, म्हणून त्याचा फक्त वरचा फरशीचा कागद घेऊन खाली एकच दोन मिलिमीटरचा थर देणार आहे. झाला की मापे इथे टाकतो.